आधी ठेका, मग वेग!

गणपतीच्या आधी पुण्यात नदीकाठी ढोल-ताशाचा सराव चालतो, तो कधी नीट ऐकलाय? आधी ताशा कडाडतो. तेवढ्यात ढोलवाले ठेका पकडतात आणि मगच टिपरू पडतं. पहिल्या नोकरीत हाच फंडा मला रात्र-रात्र जागवत होता.

साल २००५. नवीकोरी डिग्री आणि हातात अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी रिसीव्हरचं काम. अमेरिकेनं २००२मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी विनापरवाना खुला केला होता. स्वप्न झकास : दोन-तीन मीटरवर सेकंदाला ४८० मेगाबिट, केबलला टाटा!

घोडं अडलं वेळेवर. आमच्या तंत्रात एक सिम्बॉल ३१२.५ नॅनोसेकंदांचा. दर सिम्बॉलला सिग्नल बँड बदलणार आणि रिसीव्हरनंही त्याच क्षणी उडी मारायची. उडीला वेळ किती? साडेनऊ नॅनोसेकंद! म्हणून डेटाआधी येतो प्रिअँबल. हा ठरलेला नमुना, सगळा मिळून दहा मायक्रोसेकंदांहून छोटा. रिसीव्हर आपल्याकडची प्रत त्यावर सरकवत राहतो. जुळली की आलेखात शिखर उठतं. तीच सम.

पण भिंतींवर आपटून आलेले प्रतिध्वनी फसवतात. सगळ्यात मोठा तोच पहिला, असं नसतं. शिवाय दोन्हीकडची घड्याळं दहा लाखांत वीसनं चुकू शकतात. उलट दिशांनी चुकली, तर १०० मायक्रोसेकंदांत ४ नॅनोसेकंदांचा फरक. म्हणून १२८पैकी १२ टोन नुसता ठेका सांभाळायला!

एका पहाटे आमचं लॉक लागलं. शेजारच्या डेस्कवरच्या मित्रानं मला अक्षरशः उचललं.

जानेवारी २००६मध्ये मात्र आयईईईच्या ८०२.१५.३ए गटानं गाशा गुंडाळला. दोन तंत्रं, दोन तट आणि एकमत काही होईना. नॅनोसेकंद जुळवणाऱ्या माणसांचं आपापसात जुळलं नाही! काही महिन्यांत आमचा प्रोजेक्टही बंद पडला. टीम पांगली, मित्राशी बोलणंही तुटलं.

२०१९मध्ये आयफोन ११मध्ये यूडब्ल्यूबी परतलं. आता वेगासाठी नाही, अंतर मोजायला. रेडिओलहर नॅनोसेकंदात ३० सेंटीमीटर जाते. पहिला सिग्नल नेमका कधी पोचला हे कळलं, की हरवलेली किल्ली किती लांब आहे तेही कळतं. आम्ही ज्याच्यामागे जागलो, तोच 'पहिला'!

बातमी वाचली आणि तेरा वर्षांनी मित्राचा नंबर फिरवला. पलीकडून पहिलंच वाक्य आलं, "काय रे, लॉक लागलं का?"