चारठाण्याच्या कारागिराने खरा सिंह का कोरला नाही?

मी चित्रं काढतो. जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला गेलो की गोकुळेश्वर मंदिर आणि गावातला उंच कोरीव स्तंभ यांची रेखाटनं करत बसतो.

एकदा एकाने विचारलं, "जुन्या लोकांना हुबेहूब प्राणी जमत नव्हते का?"

जमत होते! अशा जुन्या मंदिरांवरचे हत्ती बघा, चालतायत असं वाटतं. पण व्याल हा कल्पनेतला प्राणी बघा: धड सिंहाचं, तोंड कधी हत्तीचं, कधी पोपटाचं. मकराला मगरीचा जबडा, वर सोंड.

दारावर कोरलेलं भयंकर तोंड, म्हणजे कीर्तिमुख, हेही तसंच. त्याची कथा स्कंदपुराणात आहे. राहूला गिळायला शिवाने एक भुकेला गण निर्माण केला. राहूला अभय मिळालं, तेव्हा गणाने शिवाच्या आज्ञेने स्वतःलाच खाल्लं. उरलं फक्त तोंड. शिवाने त्याला दारावर मान दिला. आता अशी भूक दाखवायला कुठला खरा प्राणी पुरणार?

इतक्या खोल नक्षीमागे दगडाचंही कारण आहे. आपला बेसाल्ट काळा. सपाट ठेवला तर मुका दिसतो. खोल कोरलं की सावली पडते आणि आकार उठतो. म्हणून सकाळच्या तिरप्या उन्हात जा.

व्याल, मकर ओळखायला अडलं तर फोटो टाका, जमेल तसं सांगतो.