लघवीचे दुखणे लपवू नका

लकडगंजच्या आरामशीनवर भर उन्हात लाकूड उचलणारा आपला बांधव दिवसभरात पाणी किती पितो? मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर जातो. घाम जातो, लघवी दाट होते, मुतखडा धरतो. कामावर संडासाची सोय नसली की भगिनी पाणी पिणेच टाळतात. साठीनंतर अनेक पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी वाढून लघवी अडते. हे आजार कॅन्सर नव्हेत. म्हणून त्यांची चर्चा कमी, हाल मात्र फार.

एकट्या डॉक्टरजवळ रुग्ण थोडे, म्हणून अनुभवही तोकडा. अमेरिकेत १७ केंद्रांतील संशोधक एकत्र आले. प्रोस्टेट वाढलेल्या ३,०४७ पुरुषांवर त्यांनी सरासरी साडेचार वर्षे लक्ष ठेवले. दोन औषधे जोडीने दिली तर नुसत्या खोट्या गोळीच्या तुलनेत आजार बळावण्याचा धोका ६६ टक्क्यांनी घटतो, हे २००३ मध्ये त्यांनी दाखवून दिले.

नागपूरच्या मेडिकल, मेयो व सुपर स्पेशालिटीतील डॉक्टरांनीही असेच मिळून मजूरवस्त्यांत तपासणी करावी. बाबासाहेबांचा संघटित होण्याचा संदेश विद्वानांनाही लागू आहे. भगवान बुद्धांनी आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केली होती.

आपणही लाज सोडू या. लघवीत रक्त, जळजळ वा अडथळा दिसताच दवाखाना गाठावा. आणि मालकाकडे पिण्याचे पाणी व संडास हक्काने मागावा. जयभीम!