कुसुंबी रंग आणि भीमाकांठची करडई

जुन्या वस्त्रांच्या याद्या, जामदारखान्याचे जमाखर्च किंवा लग्नकार्यांतील आहेराचीं टिपणें चाळीत असतां रंगांचीं नांवें पदोपदीं भेटतात. कुसुंबी, किरमिजी, अंजिरी, अस्मानी, मोतिया हीं नांवें वाचक केवळ विशेषणें समजतो व पुढें जातो. परंतु हीं सर्व एका जातीचीं नव्हेत. अंजिरी व अस्मानी हीं सादृश्यावरून पडलेलीं नांवें. तो रंग कोणत्या द्रव्यानें साधला हें त्यांवरून कळत नाहीं. कुसुंबी व किरमिजी हीं मात्र मूळचीं द्रव्यवाचक होत. किरमिजी म्हणजे किरमिज किड्यापासून काढलेला आणि कुसुंबी म्हणजे कुसुंब्याच्या फुलाचा. या द्रव्यांचे गुणधर्म ज्यास ठाऊक नाहींत, त्यास "कुसुंबी" व "तांबडें" हे शब्द एकाच अर्थाचे वाटतील आणि जमाखर्चांतील कित्येक रकमांचा उलगडा होणार नाहीं. सबब या एका रंगाची कृति येथें सविस्तर देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कुसुंबा म्हणजे करडईचें फूल. कोशिंब किंवा कुसुंब या नांवाचा जो रानवृक्ष आहे, ज्यावर लाखेचा किडा पोसतात, तो निराळा. नामसाम्यानें घोटाळा होऊं नये. करडई हें आमच्या देशावरील जुनें रब्बीचें पीक. मुळा-मुठा रांजणगांव सांडसापाशीं भीमेस मिळते, त्या बाजूच्या शिरूर-दौंड तालुक्यांचा मुलूख कमी पावसाचा आहे. अशा मुलखांत ज्वारीच्या शेताच्या कडेनें करडईच्या कांटेरी ओळी पेरण्याची रीत होती. त्यामुळें तेल मिळे आणि गुरें आंत शिरत नसत. पुढें खडकवासल्याचा कालवा आला व यवत, भांडगांव या बाजूस कालांतरानें उसाचें राज्य झालें. तरी करडई परकी झाली नाहीं. सोलापूरच्या संशोधन केंद्रानें काढलेल्या करडईच्या एका वाणास "भीमा" हेंच नांव दिलेलें आहे. सारांश, झाड आहे, नांव आहे. त्याच्या फुलाचें काय करावयाचें तेवढें लोक विसरले.

आतां कृति. करडईचें फूल उमलतांना पिवळें असतें व कोमेजूं लागलें म्हणजे तांबूस होतें. त्या सुमारास पाकळ्या काढल्या तर दाण्याचें नुकसान होत नाहीं. या पाकळ्यांत दोन रंग असतात. पिवळा विपुल व पाण्यांत सहज विरघळणारा; तांबडा अत्यल्प, वाळल्या पाकळ्यांच्या शंभर भागांत एका भागाहूनही कमी, आणि साध्या पाण्यांत न विरघळणारा. रंगाऱ्याची सारी विद्या हे दोन रंग वेगळे करण्यांत आहे. पाकळ्या फडक्यांत बांधून पाण्यांत मळावयाच्या, पिवळें पाणी टाकावयाचें, पुन्हां मळावयाच्या. पाणी जवळजवळ निवळ येईतों हें चालूं ठेवावयाचें. नंतर त्याच पाकळ्यांवर सज्जीखार घालून मळलें कीं जो तांबडा रंग पाण्यास दाद देत नव्हता तो क्षारांत उतरतो. हें पाणी मळकट तपकिरी दिसतें आणि नवख्या माणसास सर्व बिघडलें असें वाटतें. पण त्यांत लिंबाचा रस पडतांच तें लाल होतें, व आंत बुडविलेलें सुती कापड तो रंग आपणाकडे ओढून घेतें. तुरटी लागत नाहीं. एकदां बुडवून गुलाबी, पुन्हां पुन्हां बुडवून गडद कुसुंबी. आधीं हळदींत काढलेल्या कापडावर नारिंगी, निळींत काढलेल्यावर जांभळा.

जपानांतील यामागाता प्रांतांत मोगामी नदीच्या खोऱ्यांत हेंच झाड रंगासाठीं लावितात. तेथें त्यास बेनिबाना म्हणतात. पहांटे दंव पडून कांटे मऊ झालेले असतांना फुलें खुडतात, पाकळ्या धुवून आंबवितात व त्यांच्या वड्या करून वाळवितात. या वड्या पूर्वीं नदीनें समुद्रापर्यंत व तेथून गलबतांनीं क्योतोच्या रंगाऱ्यांकडे जात. क्षारासाठीं ते राख वापरीत आणि आंबटासाठीं धुरकटविलेलें आलुबुखाराच्या जातीचें फळ. सज्जीखार व लिंबू यांचेंच हें रूपांतर होय. आज त्या देशांतील खेड्यांत पाहुण्यांस हाताशीं घेऊन असें रंगकाम शिकविणाऱ्या कार्यशाळा चालतात, कारण फूल लावणारा शेतकरी, रंगारी व विणकर ही सांखळी तेथें क्षीण झाली तरी अगदींच तुटली नाहीं.

आमच्याकडे ती तुटली. पर्किननें १८५६ सालीं पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला; १८६८ सालीं मंजिष्ठेंतील तांबडें द्रव्य जर्मनींत प्रयोगशाळेंत सिद्ध झालें व त्यानें पुढें आलीच्या मुळ्यांचा व्यापार बुडविला; १८९७ सालीं कृत्रिम नीळ बाजारांत येऊन निराळी लोकांचा धंदा बसला. निळीचा रांजण टाकळ्याचें बीं, चुना व गूळ घालून आंबवीत, आणि चंद्रकळेचा काळेपणा अशाच रांजणांतून येई. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे. पुण्यांत सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभकाळांतील भाऊ लक्ष्मण जावळे यांस लोक भाऊ रंगारी म्हणत, तें धंद्यावरूनच. धंदे गेले, आडनांवें उरलीं.

भांडगांवासारख्या गांवीं कोणी कुसुंब्याची कार्यशाळा मांडूं म्हणेल तर तीन गोष्टी त्यानें संभाळाव्या. पहिली पाण्याची. विहिरीचें पाणी क्षारयुक्त असल्यास पिवळा धुतां धुतांच तांबडाही निसटूं लागतो. याकरितां पावसाचें सांठविलेलें पाणी बरें. दुसरी ऋतूची. हा रंग उष्णता सोसत नाहीं. जपानांतही तो थंडीच्या दिवसांत काढणें पसंत करीत. आपल्याकडे फूल हातीं येऊन पाकळ्या वाळेतों उन्हें तापूं लागतात, म्हणून त्या कोरड्या जागीं ठेवून पुढील हिंवाळ्यांत वापराव्या. तिसरी गोष्ट गिऱ्हाइकास खरें सांगण्याची, आणि आमच्या मतें हीच अवघड. कुसुंबा टिकाऊ नाहीं. तो उन्हानें विटतो व साबणानें उतरतो. कापडाच्या वजनाच्या कित्येक पट पाकळ्या खर्चून काढलेला रंग असा नाजूक असतो हें झांकून, केवळ "नैसर्गिक" या शब्दावर माल खपविणारे पुष्कळ निघतील. दोन तासांच्या कार्यशाळेंत बाजारची पूड पाण्यांत कालवून रुमाल रंगवून घेणें सोपें आहे. त्यांत रंगारीविद्येचा लेशही नाहीं.

हा नाजूकपणाच संशोधकाच्या उपयोगाचा आहे. कुसुंबी पागोटें वारंवार रंगवून घ्यावें लागे. एकाच वस्त्रावर रंगणावळ पुन्हां पडलेली दिसली तर ती लेखकाची चूक समजूं नये. तसेंच संग्रहांत फिकट पिंवळट दिसणारें जुनें वस्त्र मूळचें तसेंच असेल असें गृहीत धरूं नये. त्याची घडी जपून उलगडावी आणि जेथें ऊन पोंचलें नाहीं तो भाग, शिवणीची आंतली बाजू, कांठाची दुमड, पाहावी.