पांढऱ्या तुपातला पिवळा

माझ्या मावशीच्या गोठ्यात म्हैस आहे आणि शेजारच्या घरी गाय. दिवाळीच्या तोंडावर दोन्ही घरांत लोणी कढतं. मावशीचं तूप पांढरंशुभ्र, रवाळ, शेजारचं पिवळंधमक. गेल्या वर्षी तिच्याकडची बरणी घेऊन आले, तर आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी झाकण उघडून नाक मुरडलं. ‘‘पांढरं कसं गं हे? यात ‘अ’ जीवनसत्त्व कुठून असणार?’’

काकूंचं चुकलं होतं. पण याच कोड्यानं शंभर वर्षांपूर्वी भल्याभल्या शास्त्रज्ञांनाही चकवलं होतं.

हिरव्या चाऱ्यात कॅरोटीन भरपूर असतं. पानाच्या हिरव्या रंगाखाली त्याचा पिवळा झाकला जातो, एवढंच. गाय त्यातलं काही कॅरोटीन ‘अ’ जीवनसत्त्वात बदलते आणि उरलेलं तसंच दुधात सोडते. म्हैस मात्र जवळजवळ सगळं बदलून टाकते, आणि तयार ‘अ’ जीवनसत्त्वाला फारसा रंगच नसतो. म्हणजे गाईच्या तुपाचा पिवळा हा न वापरलेला कच्चा माल. म्हशीच्या तुपातला माल पक्का होऊनच आलेला. (पिवळेपणावरून देशी गाय ओळखणाऱ्यांना सांगायला हवं, की जर्सीचं दूध चांगलंच पिवळसर असतं. आणि उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर ठेवलेल्या गाईचं तूप आपोआप फिकं पडतं.)

अमेरिकेत हॅरी स्टीनबॉक यांच्या 1919 च्या सुमारास लक्षात आलं, की गाजर, पिवळा मका, रताळं असं पिवळं खाणारे उंदीर वाढतात आणि पांढरा मका खाणारे खुरटतात. मग पिवळा रंग हेच जीवनसत्त्व का? तसं म्हणावं तर यकृत आणि माशाचं तेल आडवं येई. रंग नावापुरता, गुण मात्र जबरदस्त. त्याच वर्षी मिसूरीत लिरॉय पामर यांनी कोंबड्यांना पांढरा मका आणि डुकराचं यकृत खाऊ घालून वाढवलं. त्यांनी अंडी दिली, तर आतला बलक रंगहीन! आणि त्या अंड्यांतून धडधाकट पिल्लं बाहेर पडली. हा गुंता केंब्रिजच्या टॉमस मूर यांनी 1930 मध्ये सोडवला. ‘अ’ जीवनसत्त्वाला पारख्या झालेल्या उंदरांना त्यांनी कॅरोटीन दिलं आणि त्यांच्या यकृतात ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा झालेला आढळला. मावशीची म्हैस करते तेच. पुढे झुरिकचे पॉल कारर यांनी दोन्हींची रचना उलगडली. 1937 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आपल्या शरीरात हे काम मुख्यतः लहान आतड्याच्या अस्तरात चालतं. बीटा-कॅरोटीनचा रेणू 40 कार्बन अणूंचा. एक विकर त्याला करवतीनं कापावं तसं बरोबर मधोमध कापतं, की 20-20 कार्बनांचे दोन तुकडे. कागदावर हिशेब एकाचे दोन असा; प्रत्यक्षात जेवणातल्या 12 मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटीनमधून 1 मायक्रोग्रॅम ‘अ’ हाती लागतं असं आता धरतात. जुन्या पुस्तकांत 12 च्या जागी 6 सापडेल. बराचसा माल पानाच्या पेशींतच अडकून राहतो. शिजवलं, वाटलं, घोटलं की तो सुटतो, आणि आतड्यातून आत जायला त्याला स्निग्धाची सोबत लागते. अळूच्या फदफद्यावरची तेलाची फोडणी नुसती चवीपुरती नसते ती अशी.

ही कापाकापी शरीर गरज पाहून करतं, ही त्यातली मोठी सोय. रोज किलोभर गाजरं खाल्लीत तर तळहात पिवळे पडतील; कावीळ नव्हे, कारण डोळे पांढरेच राहतात. तयार ‘अ’ मात्र अशी दयामाया दाखवत नाही. 1597 मध्ये बॅरेन्ट्सच्या मोहिमेतल्या डच खलाशांनी आर्क्टिकमध्ये ध्रुवीय अस्वलाचं यकृत खाल्लं. आजारी पडले आणि तिघांची तर डोक्यापासून पायापर्यंत कातडी सोलून निघाली. तेच यकृत, बेताचं, औषध होतं: सुश्रुतसंहितेत रातांधळेपणावर बकऱ्याचं यकृत सांगितलं आहे.

रंगावर विसंबायचं तर कोणत्या रंगावर, हेही पाहावं लागतं. हापूस, लाल भोपळा, गाजर यांच्यात कॅरोटीन आहे. शेवग्याच्या पाल्यात आणि राजगिऱ्याच्या पानांतही आहे, फक्त हिरव्याआड. टोमॅटो-कलिंगडाच्या लाल रंगात मुख्य वाटा लायकोपिनचा, त्यापासून ‘अ’ बनत नाही. हळदीचा पिवळा तर वेगळ्याच घराण्यातला. आणि दसऱ्याच्या तोरणातला झेंडू? त्यात ल्युटीन असतं, तेही ‘अ’ होत नाही. पण झेंडूचा अर्क कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, बलक गडद दिसावा म्हणून. गडद बलकाला भाव देणारं गिऱ्हाईक पुष्कळदा झेंडूलाच भाव देत असतं.

कच्च्या मालाचा हा खेळ ‘अ’ पुरता नाही. ‘ड’चा कच्चा माल आपल्या कातडीतच असतो, ऊन लागलं की झालं, खिडकीच्या काचेतून आलेलं ऊन त्याला चालत नाही. नायसिन या ‘ब’ गटातल्या जीवनसत्त्वाची कथा मात्र भाकरी खाणाऱ्यांच्या जवळची. दख्खनमध्ये जवळपास नुसत्या ज्वारीवर राहणाऱ्या गरिबांना नायसिनच्या अभावानं पेलाग्रा होई: उन्हाला उघड्या राहणाऱ्या हातांवर, गळ्याभोवती काळपट चट्टे, जुलाब, पुढे भ्रम. इथे कच्चा माल म्हणजे प्रथिनांतलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल; शरीर त्याच्या सुमारे 60 मिलिग्रॅमपासून 1 मिलिग्रॅम नायसिन करतं. हैदराबादच्या पोषण प्रयोगशाळेतल्या सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी 1960 मध्ये मांडलं, की ज्वारीतलं जास्तीचं ल्युसिन हे दुसरं अमिनो आम्ल या कामात खोडा घालतं. त्यावर पुढे बराच वाद झाला. दुधाचं मात्र वादातीत: त्यात नायसिन नावाला, ट्रिप्टोफॅन भरपूर, आणि पेलाग्रावर ते चालतं. भाकरीशेजारी वाटीभर ताक आणि पिठलं असलं की ज्वारीला दोष द्यायचं कारण उरत नाही.

काकूंना मी यातलं थोडंसंच सांगितलं. बाकीचं त्यांनी स्वतः पाहिलं. लाल भोपळ्याचे घारगे तळायला त्या आमच्याकडे आल्या होत्या. शेवटचा घाणा निघाल्यावर कढईत डोकावून म्हणाल्या, ‘‘तेल पिवळं झालं की गं!’’ भोपळ्यातलं थोडं कॅरोटीन तेलात उतरलं होतं. ते तेल मी गाळून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी मेथीला फोडणी दिली.