पाच मिलीत औषध किती?

गोंदियाहून डोंगरगडच्या दिशेने निघालं, की सालेकसा सोडल्यावर गाडी जंगलात शिरते आणि दरेकसा येतं. मुंबई-हावडा मार्गावरचं हे महाराष्ट्राच्या टोकाचं ठिकाण. पलीकडे छत्तीसगड, वरच्या अंगाला मध्य प्रदेश. माघ पौर्णिमेच्या आसपास कचारगडच्या गुहांकडे निघालेल्या गोंड भाविकांनी स्टेशन फुलून जातं. धान मळणीची धूळ, पहाटेचं धुकं आणि शेकोटीचा धूर हिवाळ्यात एकत्र आले, की घरोघरी खोकल्याची उबळ ऐकू येते. आसपासच्या टोल्यांवर मेडिकल कुठलं? तिथे किराण्याचं दुकान.

कायद्यालाही ही अडचण ठाऊक होती. १९४५च्या औषध नियमांत 'के' नावाचं एक परिशिष्ट आहे. त्यानुसार, वस्ती हजाराच्या वर नसेल अशा गावात काही घरगुती औषधं परवान्याशिवाय विकता येतात. पॅरासिटामॉलची गोळी, बाम, ग्राइप वॉटर यांच्या पंगतीत खोकल्याचं सिरपही बसवलेलं होतं. सिरपला त्या पंगतीतून उठवायच्या हालचाली सुरू व्हायला २०२५ साल उजाडावं लागलं. असं काय असतं त्या गोड पाण्यात?

बाटली फिरवा आणि मागचं बारीक अक्षर वाचा. लहान मुलांच्या सर्दीच्या सिरपवर साधारण असा मजकूर असतो: दर ५ मिलीमध्ये पॅरासिटामॉल १२५ मिलिग्रॅम, फिनाइलएफ्रिन ५, क्लोरफेनिरामाइन १. बेरीज १३१ मिलिग्रॅम. पाच मिली पाकाचं वजन भरतं सहा ग्रॅमच्या आसपास. म्हणजे शंभरातले दोन भाग औषध, उरलेले अठ्ठ्याण्णव भाग वाहून नेणारा द्रव. आपण पैसे मोजतो दोन भागांसाठी, मुलाच्या पोटात जातात शंभर.

हा द्रव नुसतं पाणी का नसतो, याचं उत्तर मला फार सुंदर वाटतं. पॅरासिटामॉलला पाणी फारसं मानवत नाही. नेहमीच्या तापमानाला एक मिली पाण्यात ते जेमतेम १४ मिलिग्रॅम विरघळतं, म्हणजे पाच मिलीत ७०. आपल्याला हवेत १२५. मग उरलेलं तळाशी बसणार, वरचा घोट फिका आणि शेवटचा जहाल होणार. ते टाळायला प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सॉर्बिटॉल अशा दाटसर, गोडसर द्रवांची मदत घेतात. ते औषधाला धरून ठेवतात, कडूपणाही झाकतात. सिरपची सगळी कारागिरी या अठ्ठ्याण्णव भागांत आहे आणि घातही तिथेच होतो.

या द्रवांचा एक भाऊबंद आहे, डायइथिलीन ग्लायकॉल. तसाच दाट, तसाच बिनरंगी, तसाच गोड, आणि स्वस्त. त्याची जागा कारखान्यात, ब्रेक ऑइलसारख्या गोष्टींत. डोळ्यांनी, नाकाने किंवा जिभेने तो वेगळा ओळखता येत नाही. त्याला प्रयोगशाळाच लागते. पोटात गेल्यावरही तो लगेच काही करत नाही. यकृत त्याला परकी वस्तू समजून मोडायला घेतं, आणि त्या मोडतोडीतून डायग्लायकॉलिक आम्ल तयार होतं. हे आम्ल मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांच्या पेशी मारतं. म्हणजे खरं विष शरीर स्वतःच्या हाताने बनवतं, तेही साफसफाई करताना. आधी उलट्या, मग एखाद-दोन दिवस बरं वाटल्यासारखं, आणि मग लघवी बंद.

सप्टेंबर २०२५मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाकडची मुलं नेमकी अशीच नागपूरच्या दवाखान्यांत येऊ लागली. साधा सर्दी-ताप, त्यावर कोल्ड्रिफ नावाचं सिरप, आणि मग मूत्रपिंडं निकामी. वीसहून अधिक मुलं दगावली. तमिळनाडूत बनलेल्या त्या सिरपच्या एसआर-१३ या बॅचमध्ये तपासणीत ४८.६ टक्के डायइथिलीन ग्लायकॉल निघालं. चालवून घेण्याची मर्यादा आहे ०.१ टक्का. जवळजवळ अर्धी बाटली विष होती, आणि चवीला गोड.

महाराष्ट्राला या विषाचं नाव नवं नव्हतं. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब कमी करण्यासाठी दिलेल्या ग्लिसरीनमध्ये हेच निघालं होतं. चौदा रुग्ण गेले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग बसला. त्याच्याही आधी, १९३७मध्ये अमेरिकेत एका कंपनीने सल्फाचं औषध याच द्रवात विरघळवून बाजारात आणलं. चव पाहिली, वास पाहिला, रंग पाहिला. विषारी आहे का, एवढंच पाहिलं नाही. शंभरावर माणसं मेल्यावर, विक्रीआधी औषध सुरक्षित असल्याचं दाखवायची सक्ती तिथे आली. एकच रेणू जवळपास नव्वद वर्षं त्याच चोरवाटेने येतोय, याचं आश्चर्य करावं की संताप, कळत नाही. किराणा दुकानदाराला किंवा आईला हे घरी तपासता येणं शक्य नाही. ते काम कारखान्याचं आणि औषध प्रशासनाचं. आपल्या हातात उरतं ते एवढंच: नको तिथे बाटली उघडायची नाही, घेतली तर पक्क्या बिलावर, सीलबंद, बॅच क्रमांक वाचता येईल अशी.

आता ते दोन भाग. फिनाइलएफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करतं, असा त्याचा लौकिक. पण तोंडाने घेतलं की त्याचा बराचसा भाग आतड्याच्या भिंतीत आणि यकृतातच मोडला जातो, नाकापर्यंत पोचतं ते नावापुरतं. २०२३मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाच्या सल्लागारांनी एकमताने सांगितलं, की गोळीतून त्याचा उपयोग होत नाही. क्लोरफेनिरामाइन वाहतं नाक थोडं आवरतं, पण मेंदूला जागं ठेवणारं हिस्टामाइनही अडवतं. म्हणून गोळी घेऊन ट्रॅक्टरवर बसू नये. काही बाटल्यांत खोकला दाबणारं आणि कफ सुटा करणारं अशी दोन्ही औषधं गुण्यागोविंदाने नांदतात. कफ सुटा करायचा आणि तो बाहेर टाकणारा खोकला बंद करायचा, हे गणित मला आजवर उमगलेलं नाही.

पॅरासिटामॉल मात्र खरंच काम करतं, आणि म्हणूनच त्याचा हिशेब ठेवावा लागतो. तापासाठी ६५०ची गोळी, सर्दीसाठी दुसरी, जिच्यात ५०० पॅरासिटामॉल आधीच आहे. दोन्ही दिवसातून चार वेळा घेतल्या तर ४,६०० मिलिग्रॅम; धडधाकट मोठ्या माणसाची दिवसाची कमाल हद्द ४,०००. रोज दारू घेणाऱ्याची हद्द त्याहून खाली. यकृत या औषधाचा थोडा भाग एका जहाल पदार्थात बदलतं आणि ग्लुटाथायोन खर्चून तो लगेच निकामीही करतं. ग्लुटाथायोनचा साठा संपला, की यकृताच्याच पेशी जळू लागतात. यावरचा उतारा आहे अ‍ॅसिटाइलसिस्टीन, आणि गंमत बघा, हे औषध मुळात छातीतला घट्ट कफ पातळ करायला आणलेलं.

अशीच एक वाट आपल्या कुंपणापासून निघते. अडुळशाला गुरं तोंड लावत नाहीत म्हणून तो बांधावर लावतात. त्याच्या पानात व्हॅसिसिन असतं. त्याच्या रचनेवर बेतून जर्मनीत ब्रोमहेक्झिन घडवलं गेलं, १९६०च्या दशकात ते बाजारात आलं. शरीरात ब्रोमहेक्झिनपासून अँब्रॉक्सॉल बनतं, तेही पुढे स्वतंत्र औषध म्हणून विकलं गेलं. आज कफाच्या कितीतरी सिरपवर ही दोन नावं दिसतात. आजीचा काढा परदेशी जाऊन बाटलीत परत आला. पण काढा म्हणजे निर्धोक, असंही नाही. व्हॅसिसिन गर्भाशय आकुंचित करतं, म्हणून गरोदरपणी अडुळसा टाळतात.

बामची तऱ्हा आणखी निराळी. त्यातला मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना जागं करतो. नाक तेवढंच चोंदलेलं राहतं, पण मेंदूला वाटतं गार हवा आत येते आहे. ही फसवणूक मोठ्यांना सुखाची. दोन वर्षांखालच्या बाळाला कापूर असलेला बाम लावू नये.

मूळ काम शरीर करतच असतं. श्वासनळीच्या आत सूक्ष्म केसांचा गालिचा आहे. हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळा वल्ह्यासारखे हलतात आणि धूळ-जंतूंनी भरलेला चिकट थर मिनिटाला काही मिलिमीटर वर सरकवत राहतात. विषाणू हा गालिचा उधळतात. तो पुन्हा विणला जाईपर्यंत सफाई खोकल्याकडे येते. म्हणून ताप दोन-तीन दिवसांत उतरला तरी खोकला रेंगाळतो. लोकांचा अंदाज आठवड्याचा असतो, अभ्यासांतली सरासरी निघते १८ दिवसांची. या दोन आकड्यांच्या मधल्या दिवसांत बऱ्याचशा बाटल्या खपतात.

लहानांसाठी सरकारी सूचना स्पष्ट आहेत. ऑक्टोबर २०२५च्या केंद्रीय सूचनेनुसार दोन वर्षांखाली खोकला-सर्दीची औषधं द्यायचीच नाहीत, आणि पाच वर्षांखालीही ती सहसा नकोत. क्लोरफेनिरामाइन-फिनाइलएफ्रिनची जोडी चार वर्षांखाली नको, असं औषध नियंत्रकांनी २०२३मध्येच बजावलं होतं. वर्षाच्या पुढच्या मुलाला रात्री चमचाभर मध खोकल्यावर बऱ्यापैकी लागू पडतो. वर्षाच्या आतल्याला मुळीच देऊ नये, मधातले जंतूंचे बीजाणू त्याच्या कोवळ्या आतड्यात रुजू शकतात. डॉक्टरांनी सिरप लिहून दिलंच, तर मोजायला सोबतचं टोपण वापरावं. घरातला एक चमचा अडीच मिलीचा, तर दुसरा सातचा.

आणि बाटलीकडे न बघता थेट दवाखाना गाठायची वेळ कोणती? आशाताई घड्याळ लावून मोजतात तसं, मूल शांत असताना पोट किती वेळा वर-खाली होतं ते पूर्ण मिनिटभर मोजावं. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५०, एक ते पाच वर्षांत ४० किंवा त्याहून जास्त भरले, श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला गेला, मूल दूध-पाणी घेईना किंवा लघवी कमी झाली, तर थांबायचं नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल घराघरांत आहे. अशा मुलाला ताप आणि खोकला एकदम आला, तर श्वास मोजत बसायचीही गरज नाही, लगेच न्यायचं. मोठ्यांचा खोकला दोन आठवड्यांवर गेला, तर सिरप नको, बेडक्याची क्षयरोग तपासणी हवी. सरकारी दवाखान्यात ती फुकट होते.