हिशेबाबाहेरचे दुःख : मराठी ख्रिस्ती साहित्यातील एका प्रश्नाचे रूपांतर

ईश्वर दयाळू आहे आणि सर्वसमर्थही आहे, तर निरपराध माणसाच्या वाट्याला दुःख का येते, हा ख्रिस्ती ईश्वरविद्येतील अतिशय जुना प्रश्न आहे. लाइब्निट्सने १७१० मध्ये ईश्वरी न्यायाचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, लिस्बन शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले आणि १७५९ च्या ‘कांदीद’मध्ये व्हॉल्तेरने त्या समर्थनाची यथेच्छ टवाळी केली. युरोपीय साहित्यात या प्रश्नाची पुढची चर्चा बव्हंशी याच चौकटीत झाली : पिंजऱ्यात ईश्वर उभा, आणि माणसे त्याच्या बाजूने वा विरुद्ध वकिली करीत आहेत. मराठी ख्रिस्ती लेखन वाचताना ही चौकट फारशी उपयोगी पडत नाही. त्या लेखनातील प्रश्नकर्ता निराळ्या ठिकाणाहून आलेला आहे.

हे ठिकाण कोणते, ते माक्स वेबरच्या एका निरीक्षणावरून स्पष्ट होते. दुःखाच्या समस्येला जगातील धर्मांनी दिलेल्या उत्तरांत तार्किकदृष्ट्या सर्वांत परिपूर्ण उत्तर कर्मसिद्धांताचे आहे, असे वेबर म्हणतो. प्रत्येक दुःखाला पूर्वकर्माचे कारण असते. जमाखर्च जन्मोजन्मी चालू राहतो. त्यात निरपराध असा कोणी उरतच नाही. म्हणजे मराठी धर्मांतरित लेखक एक परिपूर्ण स्पष्टीकरण मागे ठेवून एका अपूर्ण स्पष्टीकरणाकडे गेला. बौद्धिक हिशेबाने पाहता हा तोट्याचा व्यवहार होय. तो त्याने का केला, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रथम शब्दांकडे पाहू. मराठीत ‘भोग’ या एका शब्दात उपभोग, देवापुढचा नैवेद्य आणि प्राक्तनाने वाट्याला आलेले दुःख हे तिन्ही अर्थ नांदतात. ‘भोग सरले’ असे म्हणताना बोलणारा दुःखाचे वर्णन करतो आणि त्याच श्वासात त्याचे कारणही सांगून मोकळा होतो. दिल्लीत तौलनिक साहित्याच्या वर्गात हिंदी, बंगाली, मल्याळम अशा अनेक भाषांचे विद्यार्थी एकत्र बसतात, तेव्हा हा शब्द इंग्रजीत कसा न्यावा यावर तास सहज निघून जातो. ‘सफरिंग’ म्हटले की त्यातील हिशेब गळतो. ‘फेट’ म्हटले की हिशेब ज्याच्या नावे मांडला तो कर्ता गळतो. ज्या भाषेत दुःखाच्या नावातच त्याचे कारण मुरलेले आहे, त्या भाषेत दुःखाचे कारण विचारणे म्हणजे आधी भाषेशीच झगडणे आहे.

याच कारणाने ईयोबाचे पुस्तक मराठी वाचकापुढे वेगळे होऊन येते. ईयोब नीतिमान असतो. त्याची मुले, संपत्ती, आरोग्य सर्व जाते. एलीफज, बिल्दद आणि सोफर हे मित्र त्याचे सांत्वन करावयास येतात आणि तुझ्या हातून काही पाप घडलेच असले पाहिजे, असे परोपरीने पटवू लागतात. पुनर्जन्माची कल्पना वगळली, तर या मित्रांचे बोलणे मराठी कानाला अगदी घरचे वाटावे असे आहे. परंतु पुस्तकाच्या अखेरीस ईश्वर या मित्रांनाच दोष देतो आणि तक्रार करणाऱ्या ईयोबाची बाजू उचलून धरतो. ईयोबाला कारण मात्र सांगितले जात नाही. शुभवर्तमानांतही हेच दिसते. जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे. शिलोहातील बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याचा उल्लेख येतो. दोन्ही ठिकाणी येशू दुःखावरून पापाचे माप काढण्यास नकार देतो.

सतराव्या शतकात गोव्यात हा नकार अद्याप पुढे आलेला नव्हता. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) यांच्या १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्रिस्तपुराणा’त दुःखाचा उगम आदिमाता-आदिपित्याच्या आज्ञाभंगात दाखविला आहे. पुराणाचा घाट, ओवीचा छंद आणि जिज्ञासू श्रोता हे सारे मराठी परंपरेतले आहे. स्पष्टीकरणही पुराणाला शोभेल असे, आरंभीच सर्व उलगडून सांगणारे आहे. व्यक्तीच्या पूर्वजन्माच्या जागी मानवजातीचे पूर्वपाप आले, इतकाच फरक. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’त (१८५७) मात्र प्रश्नाचे दोन तुकडे पडलेले आढळतात. यमुना प्रवासात ज्या विधवांच्या कहाण्या ऐकते, त्यांचे दुःख ईश्वराने दिलेले नसून रूढीने लादलेले आहे, असे कादंबरी बजावून सांगते. पदमनजींचा उपदेशकी सूर आज जड वाटतो, तरी माणसाने केलेले दुःख ईश्वराच्या किंवा प्रारब्धाच्या खात्यावर टाकू नये, हा विवेक मराठी गद्यात इतक्या स्पष्टपणे आणण्याचे श्रेय त्यांना द्यावे लागेल.

या सर्वांची खरी कसोटी पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांच्या जीवनात व लेखनात लागते. १९०७ मध्ये त्यांनी इंग्रजीत आपले धर्मनिवेदन प्रसिद्ध केले. त्यात १८७० च्या दशकातील दुष्काळाची जी हकीकत आहे, ती भारतीय आत्मकथनातील अत्यंत कठोर पृष्ठांपैकी एक होय. अनंतशास्त्री डोंगरे यांचे पुराणिक कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत होते. देव प्रसन्न व्हावा म्हणून व्रते, अनुष्ठाने, दाने यांत जवळचे होते नव्हते ते संपले. काम करून पोट भरावे, तर शास्त्र्याच्या घरात अंगमेहनतीची सवय नाही आणि भीक मागण्याची लाज. पित्याने पवित्र जलाशयात देह ठेवण्याचा विचार केला. मुलाने अखेर जातीचा अभिमान सोडून मजुरी करण्याचे ठरविले, पण तोवर उशीर झाला होता. वडील, आई आणि थोरली बहीण एकामागून एक गेली. पुढे १८८० मध्ये भाऊ आणि १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी यांचाही मृत्यू झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

या निवेदनाचे वैशिष्ट्य असे की त्यात दुष्काळाचे समर्थन कोठेच नाही. माझ्या आईबापांचा बळी मला ख्रिस्ताकडे आणण्यासाठी पडला, असा सोयीचा अन्वयार्थ एखाद्या मिशनरी चरित्रकाराने सहज लावला असता. रमाबाई त्या मोहात पडत नाहीत. त्यांचा रोख हिशेबावर आहे. सर्व विधी यथासांग पार पाडूनही फळ आले नाही, म्हणजे जमाखर्चाची वहीच खोटी, हे त्यांना तेथेच कळले; ख्रिस्त त्यानंतर कित्येक वर्षांनी आला. स्त्रीजन्म हाच पूर्वपापाचे फळ मानणाऱ्या शास्त्रवचनांवर त्यांचा जो रोष आहे, तोही याच ठिकाणाहून उगवलेला आहे. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचला तर चर्चच्या तयार उत्तरांनाही त्यांनी तितक्याच हट्टाने अडविलेले दिसते.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि भुकेल्या मुलींना व विधवांना केडगावला घेऊन आल्या. स्वतःचे जुने दिवस आठवल्याने आपण गेलो, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्यांच्या दृष्टीने दुःखाच्या ‘का’ला मिळालेले उत्तर तेथे, मुक्तिसदनात होते. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाला हा बगल देण्याचा प्रकार वाटेल. मला तसे वाटत नाही. स्पष्टीकरण संपूर्ण असले की करण्यासारखे काही उरत नाही. ज्याचे स्पष्टीकरण नाही त्या दुःखापुढे हात जोडून स्वस्थ बसता येत नाही.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील, हिंदू तत्त्वज्ञानाचा अर्थभार वाहणारे संस्कृत शब्द त्यांना नको होते. साध्या बायकांना समजेल असे मराठी हवे होते. टीकाकारांनी या मराठीला ओबडधोबड ठरविले. पण ‘भोगा’सारख्या शब्दांची कैफियत लक्षात घेतली, तर या शब्दत्यागामागचा विचार उमगतो. एकुलती एक कन्या मनोरमा १९२१ मध्ये वारली. काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) दुसऱ्या वाटेने आले. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. दुःखाच्या प्रश्नात या सेतूचे महत्त्व मोठे आहे, कारण केवळ कर्मसिद्धांत म्हणजे मराठी परंपरा नव्हे. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात घर उद्ध्वस्त झालेले तुकाराम विठ्ठलाशी उघड भांडतात, त्याला निष्ठुर म्हणतात. ईयोबाची तक्रार आणि स्तोत्रसंहितेतील आक्रंदन यांना मराठीत सोयरीक शोधायची तर ती येथे आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांच्या अभंगांत मात्र विरहाची आर्तता पुष्कळ असली, तरी फिर्याद क्वचितच ऐकू येते. त्यांनी सेतू ओलांडला आणि भांडण पलीकडे ठेवले, असे मला वाटते. मराठी उपासनासंगीताचे त्यात नुकसान झाले.

ते भांडण गद्यात जिवंत राहिले लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त. पुस्तकाच्या आरंभीच १८५७ च्या धामधुमीत आजोबांना झालेली फाशी आणि वडिलांचे सोवळ्याचे वेड या गोष्टी येतात. पुढे लेकरांचे मृत्यू, पतीच्या धर्मांतरानंतरचा काही वर्षांचा दुरावा, हे सारे त्या सांगतात, पण कारणमीमांसा करीत नाहीत; हसतात, आणि पुढे जातात. शांता गोखले यांच्या २०१७ मधील इंग्रजी भाषांतरामुळे दिल्लीच्या अमराठी वाचकालाही हा स्वर आता ऐकू येतो. जातिभेद ईश्वराने केलेला नाही, हा लख्ख साक्षात्कार त्यांना बाप्तिस्म्याच्या आधीच झाला होता, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

त्या साक्षात्काराचा अर्थ अहमदनगर जिल्ह्यातील महार-मांग ख्रिस्ती कुटुंबांना निराळा कळला असणार. ज्यांचा जन्मच पूर्वपापाची शिक्षा ठरविला गेला, त्यांना ‘याने पाप केले नाही’ हे अपूर्ण उत्तर परिपूर्ण उत्तराहून कितीतरी मोलाचे होते. ते पुरेसे मात्र नव्हते. ख्रिस्ती समाजाने अन्यायाच्या निवारणाकडे पाठ फिरविली, असे डॉ. आंबेडकर यांनी १९३८ च्या आरंभी सोलापुरात ख्रिस्ती श्रोत्यांसमोरच सुनावले. दिल्लीहून निघालेल्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले. निधनोत्तर १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात आंबेडकर गतजन्मीच्या कर्माने दारिद्र्य येते ही कल्पना धुडकावतात, आणि ईश्वरालाही वजा करतात. हिशेबाची वही रमाबाईंनीही मिटली होती. रमाबाईंना त्यानंतर सोबती लागला, आंबेडकरांना लागला नाही.

हा सोबती कसा कल्पिलेला आहे, हे पाहण्यासाठी ‘ख्रिस्तायना’कडे वळावे लागते. टिळकांनी या महाकाव्याचे सुमारे साडेदहा अध्यायच लिहिले होते. उरलेले साठाहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी वैधव्यात रचले आणि ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यामुळे वधस्तंभाचा प्रसंग, जेथे दुःख सोसणारा स्वतः ईश्वरच आहे आणि तोही ‘का’ असेच विचारतो, तो मराठी महाकाव्यात कवी टिळकांच्या हातून न उतरता ज्या बाईने स्वतः दुःखाची मीमांसा कधी केली नाही तिच्या हातून उतरला आहे.