देवीच्या टेकडीखालील नादसाधना

आज घरोघरी घट बसले आहेत. काळ्या मातीत पेरलेले धान्य दृष्टीआड होते आणि दोन-तीन दिवसांत त्याचे पिवळसर अंकुर वर येतात. हे अंकुर पाहताना आम्हांला पंडित कुमार गंधर्व यांच्या जीवनाचे स्मरण होते. त्यांच्या गाण्याचे बीजही असेच काही वर्षे मौनाच्या अंधारात पडून होते.

बेळगावजवळील सुळेभावी येथे ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेले शिवपुत्र कोमकळीमठ बालवयातच ‘कुमार गंधर्व’ म्हणून ख्यातनाम झाले. मुंबईस प्रा. बी. आर. देवधर यांच्यापाशी त्यांनी विद्या घेतली. कीर्ती वाढत असतानाच क्षयाने त्यांना गाठले. हवापालटासाठी १९४८ च्या आरंभी ते माळव्यातील देवास येथे आले. वैद्यांनी गाणे वर्ज्य केले. ज्याचा श्वासच गाणे होता, त्याला श्वासच साथ देईना! पत्नी भानुमतींच्या शुश्रूषेच्या आधारे ते दिवस सरत होते.

परंतु कंठ मिटला तरी कान उघडे होते. देवास हे तुळजाभवानी आणि चामुंडा या दोन मातांच्या टेकडीचे गाव. तेथील स्त्रियांची लग्नाची, ऋतूंची, सणांची गीते कुमारांच्या कानी पडत. नाथपंथी साधूंची निर्गुणी भजनेही ऐकू येत. अवघ्या चार-पाच स्वरांत फिरणारी ती गीते त्यांनी टिपून घेतली, त्यांचे स्वरलेखन केले. रागांचा उगम लोकधुनांतच आहे, हे त्यांना याच काळात उमगले. नव्या औषधाने गुण येऊन १९५३ च्या सुमारास ते पुन्हा गाऊ लागले. एक फुप्फुस जवळजवळ निकामी झाले होते. तरी लहान लहान स्वरवाक्यांतून उसळणारी त्यांची गायकी ऐकून रसिक थक्क झाले. कित्येकांनी परंपरा मोडल्याचा आक्षेपही घेतला. कुमारांनी मात्र लोकधुनांतून नवे राग सिद्ध केले. त्यांना ते ‘धुनउगम राग’ म्हणत. त्यांच्या बंदिशींचा ‘अनूपरागविलास’ १९६५ मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांतील ‘मधसुरजा’ या रागाची हकीकत नवरात्रात अवश्य आठवावी. भर दुपारी देवीला बळी देण्यासाठी नेले जाणारे एक जनावर त्यांनी पाहिले, असे सांगतात. त्या मुक्या जिवाचा आईला घातलेला धावा त्यांच्या बंदिशीत उतरला. जगन्माता सर्वांचीच माता. मग त्या जिवाने दुसऱ्या कोणाला हाक मारावी? भक्तीची याहून कठोर परीक्षा आम्हांला ठाऊक नाही. आरतीच्या गजरात ही हाक आपल्या कानी येते का, हे ज्याचे त्याने मनाशी पडताळावे.

पुढे १९७७ मध्ये पद्मभूषण, १९९० मध्ये पद्मविभूषण असे सन्मान त्यांना लाभले. कबीराची निर्गुणी भजने त्यांच्या कंठातून मराठी घरांत पोहोचली. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथेच त्यांची जीवनयात्रा संपली. टेकडीच्या पायथ्याचे गाव त्यांनी अखेरपर्यंत सोडले नाही.

वाचकहो, याच दिवसांत आपल्या अंगणात भोंडला रंगतो. पाटावर हत्ती काढून मुली फेर धरतात आणि आजीकडून आईकडे, आईकडून लेकीकडे आलेली गाणी म्हणतात. त्या गाण्यांतही स्वर मोजकेच असतात. त्यांना बाळबोध म्हणून आपण दुर्लक्षितो. रुग्णशय्येवरील एका थोर गायकाने अशाच गीतांपुढे विद्यार्थी होऊन कान दिला आणि त्याला गेलेले गाणे नव्या रूपाने परत मिळाले. आज सायंकाळी आरतीनंतर घरातील वृद्धेला तिचे जुने गाणे म्हणावयास सांगावे आणि शांतपणे ऐकावे. अंबामातेची तीही एक सेवाच होय.